मुजावर मॅडम आणि मॅनेजमेंटची सीट

मुजावर मॅडम चिडल्या की मराठी सोडून दखनीत शिरायच्या, आणि दखनीही पुरेनाशी झाली की गप्प व्हायच्या. त्यांच्या बोलण्याला आमच्या स्टाफरूममध्ये कुणी भीत नसे. भीती होती ती गप्प बसण्याची. मॅडम गप्प झाल्या की शहाणी माणसं डबा अर्धवट ठेवून तासाला निघून जात, तास असो वा नसो.

त्या आमच्या कॉलेजात शारीरिक शिक्षणाच्या. पोरं ‘पीटीच्या मॅडम’ म्हणत ते एक वेळ ठीक, पण प्राचार्यही भर सभेत ‘आपल्या पीटीच्या मॅडम’ म्हणत आणि वर हसत. बाई राज्याच्या संघातून खो-खो खेळलेली, बीपीएड, एमपीएड, वर नेट पास. तरी नेमणूक शेवटपर्यंत तासिका तत्त्वावर. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांना सांगतो. वर्गात फळ्यासमोर उभं राहिलात तर तो तास. सोलापूरच्या उन्हात दिवसभर मैदानावर उभं राहिलात तर तो तास नव्हे, ती तुमची हौस. दर जूनला नवा आदेश निघणार, तोवर घरी बसा आणि फोनकडे बघा. मी याच कॉलेजात कॉमर्स शिकवून कायम नोकरीत निवृत्तीला आलो. माझ्याएवढंच, खरं तर माझ्याहून जास्त शिकलेल्या या बाईला दर वर्षी नव्याने अर्ज करताना बघायचो, आणि आजही ते आठवलं की माझं डोकं तापतं.

दिसायला किरकोळ. कुर्त्याखाली ट्रॅकपँट, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, गळ्यात शिट्टी. ही शिट्टी त्या स्टाफ मीटिंगलाही काढत नसत. एकदा प्राचार्यांचं भाषण फार लांबलं तेव्हा त्यांनी ती नुसती ओठांपर्यंत नेली होती, एवढ्यावर सभा आटोपली. खुर्चीत बसताना मैदानाकडे पाठ करायची नाही हा त्यांचा नेम. त्यांच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठरलेली, कारण संघ घेऊन बाहेरगावी गेलं की आयोजकांच्या जेवणावर त्यांचा काडीचा विश्वास नसे. पोरींच्या पोटासाठी कडक भाकऱ्यांची चवड त्या स्वतः बांधून न्यायच्या. मीठ कमी झालंय असं कुणी म्हणालं तर ‘घाम गाळ, मीठ आपोआप लागेल’ म्हणायच्या. या वाक्याचा अर्थ मला कधीच नीट लागला नाही, पण पोरी ते ऐकून पळत सुटायच्या.

मॅडमचा सगळ्यात मोठा राग एका शब्दावर होता, तो म्हणजे मॅनेजर. आमच्याकडे संघाबरोबर जो मॅनेजर जातो तो संस्थेच्या अध्यक्षांचा कुणीतरी असतो. आमचा मॅनेजर अध्यक्षांचा मेहुणा होता. पोरींच्या ट्रॅकसूटची ऑर्डर जाण्याआधी त्याच्या ब्लेझरचं माप जायचं. स्पर्धेत त्याचं काम म्हणजे ब्लेझर घालणं, उद्घाटनाला पहिल्या रांगेत बसणं आणि ग्रुप फोटोत मधोमध उभं राहणं.

एका वर्षी स्पर्धा विदर्भात होत्या. पोरींची सोय एका शाळेच्या वर्गात केली होती आणि त्या वर्गाच्या दाराला आतून कडी नव्हती. मॅनेजर साहेब कुठल्याशा पाहुण्यांकडे मुक्कामाला. मॅडमनी आयोजकांना सांगितलं, आयोजक म्हणाले तुमच्या मॅनेजरमार्फत लेखी द्या. त्या रात्री दाराला बाक लावून मॅडम स्वतः त्यावर आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला आमदार, हार, तुतारी, सगळं साग्रसंगीत. मॅडम सरळ स्टेजवर गेल्या, निवेदकाच्या हातून माइक घेतला आणि म्हणाल्या, सोलापूरच्या मुलींना त्यांच्या मॅनेजरची ओळख करून घ्यायची आहे, त्यांनी कृपया पुढे यावं. मेहुण्याला वाटलं सत्कारच आहे. तो ब्लेझरची बटणं लावत वर आला. मॅडमनी ट्रॅकपँटच्या खिशातून हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली नवी कोरी कडी काढली, स्क्रूसकट, आणि त्याच्या तळहातावर ठेवली. माइक चालूच होता. “एवढी बसवून द्या. मॅनेजर म्हणजे हेच काम.”

मंडपात हशा पिकला. कडी तासाभरात बसली. पण ही गोष्ट सांगून हसणाऱ्यांचाही मला राग येतो, कारण पुढच्या वर्षी मॅनेजर म्हणून पुन्हा तोच मेहुणा गेला, नव्या ब्लेझरसह.

मॅडम चुकत नसत असं नाही. ‘खेळातच राहायचंय’ म्हणणाऱ्या प्रत्येक मुलीला त्या वर्षानुवर्षं एकच रस्ता दाखवत आल्या, बीपीएड. त्यात दुसरा विचारच नाही. त्यांची एक लाडकी विद्यार्थिनी वळसंगची होती. ती बीपीएड करून आली आणि एका शाळेत तासावर लागली, मग तेही सुटलं. एके दिवशी ती कॉलेजात आली तेव्हा कपड्यांच्या दुकानात कामाला लागली होती. मॅडमना भेटून, हसून, चहा पिऊन गेली. ती गेल्यावर मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, माने सर, मी या पोरींना माझ्याच विहिरीत ढकलत आले.

तिथून त्यांनी नवाच उद्योग सुरू केला. खेळात न खेळता राहता येतं, त्याची डिग्री मिळते, हे त्यांनी खोदून काढलं. स्पर्धा भरवणं, संघाचा प्रवास, करार, प्रायोजक, विमा, तिकिटं, खेळाडूंचे हक्क, हे सगळं सांभाळणारी शिकलेली माणसं आता लीगवाल्यांना लागतात, हे त्यांना कळलं आणि त्या दुप्पट चिडल्या. म्हणजे ब्लेझरवाल्या मेहुण्याच्या जागी खरोखर कुणीतरी शिकून बसू शकतं तर. मग त्या दुपारभर स्टाफरूममधून गावोगावच्या कॉलेजांना फोन लावायच्या. प्रश्न ठरलेले. तुमचं मैदान कुठंय? डिग्री कुठल्या विद्यापीठाची? हिशेब आणि कायदा कोण शिकवतं? मागच्या बॅचमधल्या एका मुलीचा नंबर द्या, मी तिच्याशी बोलते. पलीकडचा माणूस शेवटच्या प्रश्नाला अडखळला की त्या फोन ठेवून देत आणि त्या कॉलेजच्या नावाने दखनीत काहीतरी म्हणत. ते इथं लिहिता येणार नाही.

माझ्याशी त्यांचं यावरून रोज वाजायचं. मी म्हणायचो, थेट मॅनेजमेंटची पदवी घेऊ दे. त्या म्हणायच्या, नको. आधी बीकॉम किंवा कायदा, साधी, सगळीकडे चालणारी डिग्री, आणि ती करताना मिळेल त्या स्पर्धेत राबायचं. क्रीडा व्यवस्थापन त्यानंतर, तेही जिथं खरे सामने भरतात अशाच ठिकाणी. “आधी हिशेब शिका, मग हिरोंच्या मागं फिरा,” हे त्यांचं वाक्य अख्ख्या कॉमर्स शाखेला पाठ होतं. मी हरायचो. कॉमर्सच्या माणसाला बीकॉमच्या बाजूने कुणी हरवावं, यासारखी मजा नाही.

आणि मग रूपाली बंडगरचं प्रकरण झालं. ते लिहिण्यासाठीच खरं तर मी बसलोय.

रूपाली सांगोल्याकडची. घरी मेंढरं, थोडं डाळिंब. मॅडमच्या हाताखाली खो-खोत अशी तयार झाली की आमच्या कॉलेजची झाडलोट करणारी माणसंही तिची मॅच बघायला थांबत. बारावीच्या वर्षी तिचा गुडघा गेला. डॉक्टरांनी पळणं बंद सांगितलं. मॅडमपुढे उभी राहून ती रडली नाही, एवढंच म्हणाली, “म्याडम, मला खेळ सोडायचा न्हाय. खेळाचंच कायतरी करायचंय.” मॅडमनी तिला सगळं समजावून सांगितलं, बीकॉमचं, पुढच्याचं. पोरीने घरी जाऊन वडिलांना सांगितलं की मला स्पोर्ट्स मॅनेजमेंट करायचंय. वडील संतापले. मॅनेजमेंटचं नाव घरात काढायचं नाही म्हणाले. एवढा राग कशाचा ते रूपालीला कळेना, मॅडमनाही कळेना. मुलीने खेळात राहू नये असं वाटत असेल, असा आम्ही अंदाज केला.

त्याच सुमारास आमच्या हॉलमध्ये एका संस्थेचा करिअर मेळावा झाला. संस्था बाहेरची, पण जुळे सोलापूर भागात नवं ऑफिस थाटलेलं, आणि स्टेजवर आमचे अध्यक्ष. पडद्यावर स्टेडियम, झगमगाट, धूर, फटाके. कोट घातलेली तरुण मंडळी इंग्रजी-मराठीची भेळ करून सांगत होती की तीन वर्षांत तुम्ही मोठमोठ्या खेळाडूंबरोबर विमानातून फिराल. मॅडमनी उभ्या राहून आपले प्रश्न विचारले. मैदान ‘टाय-अप’मध्ये होतं. विद्यापीठाची मान्यता ‘प्रोसेसमध्ये’ होती. पहिलीच बॅच असल्याने मागची मुलगी नव्हतीच. अध्यक्ष म्हणाले, मॅडम, आता प्रश्न पुरे, पालकांना चहा घेऊ द्या.

मागच्या रांगेत पटका बांधलेले रूपालीचे वडील बसले होते, हे आम्हाला माहीत नव्हतं. आठवड्याभराने ते स्टाफरूमच्या दारात उभे राहिले. हातात पेढ्यांचा पुडा, पण चेहरा पेढे वाटणाऱ्याचा नव्हता. मॅडमना म्हणाले, झालं म्याडम काम, पोरीसाठी म्यानेजमेंटची शीट घेतली, मेंढरं बाजारात घातली पर घेतली. मॅडमना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मग एकेक करत सगळं बाहेर आलं, आणि पहिल्यांदा आम्हाला त्यांच्या त्या रागाचं कारण कळलं.

आपल्याकडे मॅनेजमेंट या शब्दाचा अर्थ काय? मेडिकलला, इंजिनिअरिंगला ज्याला गुण कमी पडतात तो ‘मॅनेजमेंटमधनं’ जातो, म्हणजे डोनेशन भरून संस्थाचालकांच्या कोट्यातली जागा विकत घेतो. खेड्यापाड्यात हा शब्द एवढ्याच अर्थाने पोचलेला आहे. बंडगर मामांना वाटलं, पोरगी विकतची जागा मागतेय. म्हणून ते आधी चिडले, मग पोरीचा गेलेला गुडघा बघून विरघळले. मेळाव्यात त्यांनी त्या कोटवाल्याला हेच विचारलं की म्यानेजमेंटची शीट मिळंल का, आणि त्या माणसाच्या लगेच लक्षात आलं की समोरच्याचा काय घोटाळा झालाय. त्याने तो दूर केला नाही. मॅनेजमेंटची एकच सीट उरलीय मामा, तुमच्या मुलीसाठी धरून ठेवतो, म्हणाला. ज्या कोर्सला कुणीही उठून नाव घालावं, त्याची जागा या माणसाला त्याने कोट्यातली म्हणून विकली. अशा माणसांना काय म्हणावं याला मराठीत शब्द आहेत, पण संपादक ते छापणार नाहीत.

मॅडम गप्प झाल्या. त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. मी त्यांना बिनशिट्टीचं पहिल्यांदाच बघत होतो. मामांना स्कूटीच्या मागे बसवून त्या निघाल्या आणि मी माझी गाडी काढून मागोमाग गेलो.

ऑफिस एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. एसी, काचेचं टेबल, भिंतीवर धावणाऱ्या खेळाडूंची चित्रं. तोच कोटवाला. त्याने मॅडमना ओळखलं, पाणी मागवलं आणि बुकिंग परत होत नाही असं विचारायच्या आधीच सांगून टाकलं. मॅडम बसल्याही नाहीत.

“मामांना सांग, मॅनेजमेंट म्हणजे काय. मराठीत सांग.”

तो म्हणाला, व्यवस्थापन.

“ते विषयाचं नाव हाय का सीटचं?”

तो घुटमळला. मॅडमनी पुन्हा विचारलं, तोच प्रश्न, त्याच आवाजात. शेवटी तो म्हणाला, विषयाचं.

मामा त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता पैशांचं काढतील. पण त्यांनी पटक्यावर हात ठेवला आणि मॅडमकडे वळले. “म्हंजी माझ्या पोरीला मार्क कमी न्हवतं पडलं?”

मॅडम म्हणाल्या, नाही मामा, भरपूर आहेत.

“मी लई बोललो की तिला. तुजं मार्क कमी पडलं म्हून मेंढरं गेली, असं बोललो. ती कायबी बोलली न्हाय.”

एका बापाच्या तोंडून त्याच्या गुणी लेकीला नालायक म्हणवून घेतलं या लोकांनी, एका शब्दाच्या जोरावर. मेंढरं पुन्हा घेता येतील. ते बोलणं कसं परत घेणार?

मॅडमनी त्या कोटवाल्याला दखनीत एकच वाक्य ऐकवलं, “क्या बेच रै तुम, मालूम है क्या?” आणि दारासमोरच्या खुर्चीत बसल्या. पैसे मिळेपर्यंत उठणार नव्हत्या. त्यांना काही करावंही लागलं नाही. चौकशीला जे जे पालक जिना चढून येत त्यांना मामाच अडवायचे आणि शांतपणे सांगायचे, “हितं म्यानेजमेंटची शीट म्हणून देत्यात, पर ती शीटच न्हाय बगा, नुसतं इषयाचं नाव हाय.” पालक एकमेकांकडे बघत आणि खाली उतरत. कोटवाल्याने दोनदा कुणालातरी फोन केला. संध्याकाळी पैसे परत आले.

रूपालीने आमच्याकडेच बीकॉमला नाव घातलं. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची, लंगडत यायची, आणि शनिवार-रविवार मॅडमबरोबर कुठल्या ना कुठल्या स्पर्धेत पाणी, डॉक्टर, वेळापत्रक बघत फिरायची. वडिलांनी तिला काय सांगितलं, माफी मागितली का, हे मी विचारलं नाही. फी भरायला ते स्वतः आले होते आणि खिडकीवरच्या क्लार्कला पुन्हा पुन्हा सांगत होते की ही मार्कावरची ॲडमिशन हाय, मार्कावरची.

जून आला आणि मॅडमचा आदेश निघाला नाही. त्या मेळाव्यावाल्या संस्थेत आमच्या अध्यक्षांचीच भागीदारी होती, हे तोवर गावभर झालं होतं. आम्ही काही जण प्राचार्यांना भेटलो. ते म्हणाले, काढलं कुठं, बोलावलेलं नाही फक्त. तासिका तत्त्वाची ही सोय आहे. नोटीस नको, चौकशी नको, कारणही नको. माणूस आपोआप नसतो. मी त्यांच्या टेबलावर हात आपटला, त्याने काचेला तडा गेला, आणि त्याची भरपाई माझ्या पगारातून कापली गेली. मॅडमचं नाव मात्र यादीत आलं नाही. शेवटी कर्नाटकातल्या एका निवासी शाळेत त्यांना काम मिळालं.

जायच्या आधी त्या एकदाच कॉलेजवर आल्या. त्याच आठवड्यात फाटकावर नवा फ्लेक्स लागला होता, भिंतभर मोठा. आमच्या कॉलेजात त्या संस्थेच्या सहकार्याने क्रीडा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम सुरू होत होता. वर अध्यक्ष हात जोडून. खाली एका बाजूला ‘मार्गदर्शक’ म्हणून शिट्टी लावलेल्या मुजावर मॅडम, दुसऱ्या बाजूला ‘आमची विद्यार्थिनी’ म्हणून ट्रॉफी घेतलेली रूपाली. दोघींना कुणी विचारलं नव्हतं. फोटो गॅदरिंगच्या अल्बममधून उचललेले.

मी फाटकातून बाहेर येत होतो. मॅडमनी समोरच्या झेरॉक्सवाल्याची शिडी मागून आणली होती. मला बघून त्या एवढंच म्हणाल्या की सर, शिडी धरा, आणि चढल्या. खिशातून ब्लेड काढलं. आधी रूपालीचा चेहरा कापला, सावकाश, केसांच्या कडेकडेने, कुठेही फाटू न देता, आणि गुंडाळून ओढणीत खोचला. मग शिडी सरकवायला लावून स्वतःचा कापायला घेतला. प्रवेशाचे दिवस होते, पालक आणि मुलं थांबून वर बघत होती. वॉचमन धावत आला. मॅडम, काय करतायसा, म्हणून ओरडला.

मॅडमनी खाली बघितलं नाही.

“ॲडमिशन रद्द करतीय,” त्या म्हणाल्या. “दोघींची.”